सत्तरच्या दशकातल्या भयपटाचा रांगडा लूक, डिजिटल कॅमेऱ्यावर

'द टेक्सास चेन सॉ मॅसकर' (१९७४) रांगडा दिसतो तो फिल्मवरच्या ओरखड्यांमुळे नाही. छायालेखक डॅनियल पर्लने तो १९७३च्या उन्हाळ्यात टेक्सासमध्ये १६ एमएमवर, जेमतेम २५ एएसए संवेदनशीलतेच्या रिव्हर्सल फिल्मवर (जिच्यावर थेट पॉझिटिव्ह चित्र उमटतं) टिपला आणि नंतर तो ३५ एमएमवर मोठा केला गेला. अशा फिल्मला प्रकाश भरपूर लागतो, उजळ भाग पटकन जळतात, आणि चित्र मोठं करताना ग्रेनही (फिल्मचे दाणे) फुगतो. म्हणून निम्म्याहून जास्त काम शूटिंगमध्येच उरकायचं.

२४ फ्रेम, शटर १/५०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बल्बही लुकलुकत नाहीत. स्टॅबिलायझेशन बंद, शार्पनेस शून्य. एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सरवर २४ ते ५८ एमएमच्या जुन्या मॅन्युअल लेन्स लावा. सूर्य चौकटीत आला की काळे भाग धुरकटतात, ते हवंच आहे. अ‍ॅपर्चर ५.६ ते ८. पार्श्वभूमी पार धूसर केलीत तर सगळं मुसळ केरात. भर उन्हात आयएसओ ८०० आणि ५.६ साठी सात स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारा फिल्टर; दर स्टॉपला प्रकाश निम्मा) लागेल.

घरातल्या सीनला खिडकीबाहेरून एकच बेबी (१ किलोवॅटचा दिवा), डिफ्यूजन (प्रकाश मऊ करणारा पडदा) न लावता. प्रकाश परतवायला थर्माकोल आणायचा मोह टाळा, अर्धा चेहरा काळोखात जाऊ दे. रात्री जंगलात दिवा पात्राच्या मागून, उंचावर. पुढून दिला की लग्नाचं शूटिंग वाटतं.

या सिनेमातला झोपाळ्याखालून जाणारा शॉट जमवायचा तर ट्रॉलीवर कॅमेरा जमिनीपासून फूटभर उंच ठेवा, लेन्स वाइड (१८-२० एमएम) आणि किंचित वर रोखलेली. पात्र घराकडे चालू लागलं की त्याच्या वेगाने मागोमाग ढकला. जवळ जाता जाता घर चौकटीत वाढत जातं आणि अंगावर येतं. कॅमेरा कमरेच्या उंचीवर ठेवलात तर घर मागे नुसतं उभं राहतं, दबाव येत नाही.

ग्रेडिंगमध्ये (शूटिंगनंतर रंग-उजेड जुळवताना) क्रम चुकवू नका. आधी कॉन्ट्रास्ट: काळ्यापासून उजळापर्यंतची रेंज सहा-सात स्टॉपवर आणा, आकाश पांढरं पडलं तरी चालेल. मग रंग: हिरव्याचं सॅच्युरेशन कमी, मिडटोनमध्ये थोडा पिवळा. निळसर सावल्या नकोत, ती आजची फॅशन. त्यानंतर एचडी टाइमलाइनवर साधारण एक पिक्सेल ब्लर, आणि सर्वांत शेवटी ग्रेन, मिडटोनमध्ये जास्त, जळालेल्या भागात जवळजवळ नाही. ब्लर न देता ग्रेन टाकला की खाली धारदार डिजिटल चित्र आणि वर चिकटवलेली वाळू असं दिसतं. ओरखडे आणि थरथरणाऱ्या फ्रेमचे प्लगइन तर वापरूच नका.

एक्स्पोर्टला कंजुषी केली की हे सगळं वाया: कमी बिटरेटवर ग्रेनचे चौकोनी ठोकळे होतात. एचडीला किमान ४० एमबीपीएस ठेवा. यूट्यूबवर टाकायचं असेल तर फाइल ४के करून चढवा, तिथे तिला जास्त बिटरेट मिळतो.