बॅकलॅश: पॅरामीटरच्या आधी डायल

एन्डमिल (कडेनंही कापणारा कटर) गोल फिरवून ६० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे गोल भोक, काढला आणि आत घड्याळातल्या बारा, तीन, सहा, नऊच्या जागी नखाला लागेल अशी रेघ आली, की आमच्या शिरोली एमआयडीसीत ऑपरेटरची हाक ठरलेली: "दादा, जरा बॅकलॅश टाका की." बॅकलॅश म्हणजे दिशा उलटताना स्क्रू आणि टेबल यांच्यात जाणवणारी ढिलाई. ती टाकायची म्हणजे फानुक कंट्रोलच्या (मशीन चालवणारा संगणक) १८५१ नंबरच्या पॅरामीटरमध्ये तिचा आकडा भरायचा. भरायला दोन मिनिटं पुरतात. तो आकडा काढायला मात्र अर्धी शिफ्ट लागते, आणि ती द्यावी.

आपल्या बहुतेक व्हीएमसीत (उभ्या स्पिंडलच्या संगणकी मिलिंग मशीनमध्ये) मोटर स्क्रू फिरवते आणि स्क्रूवरचा नट टेबल सरकवतो. एन्कोडर, म्हणजे फिरणं मोजणारा सेन्सर, मोटरच्या मागं असतो. मोटर फिरली की कंट्रोल समजतं, टेबल सरकलं. दिशा उलटली की स्क्रू आधी मधली ढिलाई भरून काढतो, मग टेबल हलतं. कॉम्पेन्सेशन, म्हणजे पॅरामीटरमधला हा आकडा, एवढंच करतं, की दिशा बदलताना मोटरला तेवढी जास्त फिरवतं. ढिलाई जाग्यावरच राहते. डाउन मिलिंगमध्ये कटरनं टेबल ओढलं, तर ते त्या फटीत खुशाल सरकेल. तिथं पॅरामीटर काही करू शकत नाही.

म्हणून आधी ढिलाई कुठली आहे ते शोधायचं. स्क्रूच्या टोकाला सेंटर होल असतं. त्यात ग्रीस लावून स्टीलची गोळी चिकटवा आणि तिच्यावर सपाट टोकाचा डायल (बारीक सरक दाखवणारं घड्याळी माप) टेकवा. ड्राइव्ह चालू ठेवून हँडव्हीलनं अक्ष दोन्हीकडं थोडाथोडा हलवा. स्क्रू जागच्या जागी फिरला पाहिजे. तो पुढंमागं सरकत असेल, तर थ्रस्ट बेअरिंग (स्क्रूला लांबीच्या दिशेनं धरणारं) गेलंय किंवा लॉकनट सैल आहे. मोटर फिरते आणि स्क्रू उशिरा फिरतो, असं दिसलं तर कपलिंग (दोघांना जोडणारा भाग) बघा. स्क्रू ठीक आहे, तरी टेबल मागं राहतंय, म्हणजे नट झिजलाय. गिब (सरकत्या भागातली फट भरणारी पट्टी) फार आवळलेली असेल तरी टेबल चिकटून चिकटून सरकतं आणि डायलवर ते बॅकलॅशसारखंच दिसतं. माझा हिशोब सरळ आहे: २० मायक्रॉनच्या (०.०२ मिलिमीटरच्या) वर ढिलाई निघाली, तर आकडा न टाकता मशीन खोलायचं. मालक कुरकुरतात. कुरकुरू देत.

मोजण्याआधी अक्ष अर्धा तास पळवा, स्क्रू गरम होऊ दे. १८५१ मधला जुना आकडा वहीत लिहून घ्या आणि तिथं शून्य करा. सेटिंग पानावर पॅरामीटर राइट १ केलं की १०० नंबरचा अलार्म येतो, त्याला घाबरायचं कारण नाही. एक मायक्रॉनचा डायल स्पिंडलला घट्ट बांधा. स्टँडचा हात जेवढा आखूड तेवढं बरं. टेबलावरच्या ब्लॉकला डायल अर्धा मिलिमीटर दाबून लावा. मग छोटा प्रोग्रॅम: ०.२ मागं, ०.२ पुढं, तीन सेकंद थांबा, वाचा. नंतर ०.२ पुढं, ०.२ मागं, थांबा, वाचा. कंट्रोलच्या लेखी जागा एकच आहे, पण डायलवर दोन आकडे दिसतील. त्यांच्यातला फरक म्हणजे बॅकलॅश. पाच वेळा करा आणि सरासरी घ्या.

हे टेबलाच्या डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला, तिन्हीकडं करायचं. आमच्या एका जुन्या मशीनवर एक्स अक्षाला (टेबलाची डावी-उजवी चाल) ९, १४, ८ मायक्रॉन आले. वाइस कायम मध्ये असल्यानं स्क्रूही तिथंच झिजला होता. पॅरामीटर अक्षाला एकच, म्हणून १२ टाकले. डिटेक्शन युनिट (कंट्रोल मोजतं ते सगळ्यात लहान अंतर) एक मायक्रॉन असेल तर १२ म्हणजे १२ मायक्रॉन. ते आधी खात्री करून घ्या. मध्ये २ शिल्लक राहिले, टोकांना ३-४ उलटे पडले. काम मध्येच होत असल्यानं ते चालतं. हात राखून टाकायचं ते यासाठीच. जास्त भरलं तर टेबल गरजेपेक्षा पुढं ढकललं जातं आणि गोलावर उलट्या पायऱ्या येतात. बॉलबार (गोल किती खरा ते मोजणारं साधन) असेल तर त्या लगेच दिसतात.

आकडा टाकल्यावर पॅरामीटर राइट परत ० करा, तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवा, मग बोअरचा एक कट घ्या. पायरी गेली, पण दिशा बदलते तिथं बारीक टोक उरलं, तर ते घर्षणाचं आहे. त्यासाठी बॅकलॅश अॅक्सिलरेशन नावाचं वेगळं सेटिंग असतं. १८५१ वाढवत बसू नका.

झेडचं, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या अक्षाचं, वेगळं. हेडचं वजन नटाला एकाच बाजूला दाबून धरतं, त्यामुळं डायलवर ढिलाई जवळजवळ दिसत नाही. काउंटरवेट असेल तर दिसू शकते. झेडला शून्य निघालं तर शून्यच ठेवा, एक्सचा आकडा तिथं उतरवू नका.

नुसती भोकं मारायची असतील, तर कॉम्पेन्सेशनपेक्षा प्रोग्रॅममधला जी६० हा कोड मला जास्त भरवशाचं वाटतं. अक्ष प्रत्येक जागेवर एकाच बाजूनं येतो, मग ढिलाई कितीही असली तरी ती दरवेळी त्याच बाजूला राहते. किती पुढं जाऊन मागं यायचं ते ५४४० नंबरच्या पॅरामीटरमध्ये भरायचं, मोजलेल्या बॅकलॅशच्या दहापट तरी. हे ऑप्शन प्रत्येक मशीनवर नसतं. नसेल तर प्रोग्रॅममध्येच प्रत्येक भोकाआधी नेहमी एकाच बाजूला अर्धा मिलिमीटर अलीकडची एक जागा लिहा. वेळ थोडा जातो, पण भोकांमधलं अंतर बरोबर येतं.