दत्तक कुटुंब: एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांच्या घरभेटी कशा आखाव्यात

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातल्या कुटुंब दत्तक उपक्रमात विद्यार्थी गावातल्या काही घरी नियमित जाऊन तिथल्यांच्या आरोग्याची माहिती ठेवतात; प्रत्येकाला तीन ते पाच घरं मिळतात. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात तर दर तुकडीने एक गाव दत्तक घ्यायची रीत या उपक्रमाच्या कितीतरी आधीपासून आहे. त्याच घरी पुन्हा पुन्हा जाणं हेच यातलं खरं शिक्षण. एका दिवसात फॉर्म भरून आणले तर काहीच हाती लागत नाही.

घरं आशाताईंना विचारून निवडा. गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा रुग्ण, यांपैकी कुणीतरी घरात असावं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत सकाळी अकराला गेलात तर एकटी आजी भेटते आणि सगळ्यांची माहिती तीच सांगते. त्यापेक्षा संध्याकाळी जा.

पहिल्या भेटीत उपकरणं नकोत. घरात कोण कोण, पाणी कुठून येतं, चूल की गॅस, एवढंच. शौचालय आहे का, हे विचारून भागत नाही. पुष्कळदा त्यात सरपण रचलेलं असतं.

रक्तदाब दुसऱ्या भेटीत. माणूस पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसलेला हवा, दंड हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, मधे गप्पा नकोत. पाऱ्याच्या यंत्रावर घेतलेले वहीतले सगळे आकडे शून्यावरच संपत असतील तर ते अंदाजे लिहिलेत असं समजा आणि विद्यार्थ्याला पुन्हा मोजायला पाठवा.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर (दंडाचा घेर; कुपोषण ओळखायचं माप) 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर त्याच दिवशी अंगणवाडी सेविकेला कळवा. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर एएनएमना (उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला) सांगा. विद्यार्थ्याने औषध सुचवायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी.

पुढच्या भेटीचा पहिला प्रश्न: आरोग्य केंद्रात गेलात का? नसतील गेले तर कारण त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘मजुरी बुडते’ हे उत्तर ‘रुग्णाचे असहकार्य’ म्हणून नोंदवलं, की उपाय शोधायची वाटच बंद होते. दारूचा विषय सासू-सुनेसमोर काढू नका.

आठवड्याच्या आत आठ-दहा जणांच्या गटात शिक्षकासमोर चर्चा घ्या, रुग्णांची नावं वगळून. शेवटच्या वर्षी प्रत्येक कुटुंबाची वही पुढच्या तुकडीतल्या विद्यार्थ्याला त्या घरी नेऊनच सोपवा. नाहीतर तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारले जातात आणि लोक दार उघडायला कंटाळतात.