कॅप्चर कार्डातून चित्र येते, आवाज येत नाही

ओबीएस या रेकॉर्डिंग व थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर कार्डाचे (बाहेरील उपकरणाचे चित्र व आवाज संगणकात आणणाऱ्या यंत्राचे) चित्र दिसत असूनही ऑडिओ मिक्सरमधील पट्टी हलत नसेल, तर केबल बदलण्याआधी विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप ॲप्सना मायक्रोफोनची परवानगी आहे का, हे पाहावे. कारण यूएसबी कॅप्चर कार्डाचा आवाज विंडोज मायक्रोफोन म्हणूनच ओळखते. त्यानंतर व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कस्टम ऑडिओ डिव्हाइस' निवडून तेथे कार्डाचेच नाव द्यावे. गेम कन्सोल जोडला असल्यास त्याचा आवाज डॉल्बीऐवजी लिनियर पीसीएम (न दाबलेल्या) स्वरूपात ठेवावा.

एमएस२१०९ चिप असलेल्या स्वस्त कार्डांची तऱ्हाच न्यारी: ती ४८ किलोहर्ट्झ स्टीरिओ आवाज ९६ किलोहर्ट्झ मोनो म्हणून सांगतात, त्यामुळे डावा-उजवा भेद हरवतो. अशा वेळी सेटिंगशी झटापट करण्यापेक्षा बाहेरच्या साउंड मिक्सरचा आवाज संगणकाच्या लाइन-इनमधून स्वतंत्रपणे घेणे बरे.