किल्ली बँकेच्या टेबलावर ठेवण्याआधी: या चुका टाळा

गोव्यात म्हापशाच्या एका बँकेत मी वसुली बघत होतो तेव्हाची गोष्ट. एक तारवटी, म्हणजे जहाजावरचा खलाशी, आला आणि करवंटीच्या की-चेनमधली फ्लॅटची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, घर तुमचं. आता मला फोन नको." बोटीवरचं काँट्रॅक्ट संपलेलं, पुढचं जॉइनिंग लांबलेलं, पाच हप्ते थकलेले. मी किल्ली परत त्याच्या हातात दिली तर तो भडकला. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली असती तर फसला असता तोच. ना पावती, ना पत्र, आणि व्याज दुसऱ्या दिवशीही चालूच.

किल्ली दिली की कर्ज फिटलं

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. घर सोडलं म्हणजे कर्ज मिटलं, असा नियम आपल्याकडे नाही. बँक घर विकते, आलेले पैसे कर्जात वळते करते आणि कमी पडलेली रक्कम तुमच्याकडेच मागते. समजा व्याजासह येणं ३० लाख आणि लिलावात आले २४. मग उरलेले ६ लाख, शिवाय मूल्यांकन, जाहिरात आणि वकिलाचा खर्च तुमच्या नावावर. जामीनदार असेल तर त्यालाही नोटीस जाते, आणि तो बहुधा मेहुणा नाहीतर ऑफिसातला सोबती असतो. जास्त पैसे आले तर वरची रक्कम मालकाला परत मिळते, पण लिलावात तसं होताना मी क्वचितच पाहिलं. राखीव किंमत, म्हणजे बोलीची किमान रक्कम, बाजारभावाखाली असते, आणि पहिल्या लिलावाला बोली आली नाही तर आणखी खाली येते.

म्हणून बँकेने विकण्याआधी स्वतः विका. त्या तारवट्याला मी हेच सांगितलं. बँकेकडून लेखी येणं बाकी काढा, गिऱ्हाईक शोधा, त्याचा डिमांड ड्राफ्ट थेट कर्जखात्यात जाऊ द्या आणि बँकेच्या संमतीपत्रासह सब-रजिस्ट्रारकडे जा. व्यक्तीच्या नावावरचं फ्लोटिंग दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडायला दंड लागत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

पोस्टमनला "घरी नाहीत" सांगणं

हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत वाटेवरचं. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याच्या (बँकेला कोर्टात न जाता गहाण घर विकू देणारा कायदा) कलम १३(२) ची नोटीस येते आणि सगळं येणं भरायची ६० दिवसांची मुदत सुरू होते. रजिस्टर पत्र घेतलं नाही तर नोटीस दारावर चिकटवतात, पेपरात छापतात. मुदत थांबत नाही, शेजाऱ्यांना कळतं तेवढं.

उलट या ६० दिवसांतच तुमच्या हातात खरी ताकद असते. आकडा चुकला असेल, भरलेला हप्ता जमा धरला नसेल, तर लेखी आक्षेप द्या. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. आक्षेपाच्या प्रतीवर बँकेचा शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी गाऱ्हाण्याला फाईलमध्ये जागा नसते. दंडाची रक्कमही तपासा. २०२४ पासून बँकांना दंडात्मक व्याज लावता येत नाही, फक्त दंड आकारता येतो, आणि त्या दंडावर पुढे व्याज चढवता येत नाही. स्टेटमेंटमध्ये हा घोळ सापडतो.

मुदत संपली की ताबा. आधी कागदावरचा. नोटीस दारावर लागते आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. आपल्याकडे बहुधा मराठी, म्हणजे सकाळी चहाबरोबर सगळा वाडा वाचतो. घर रिकामं करून घ्यायला बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, उत्तर गोव्याचा पणजीला, दक्षिणेचा मडगावला. ताब्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत जाता येतं, पण त्यासाठी मुंबई गाठावी लागते. वकील, प्रवास, शुल्क यांचा हिशेब आधी करा.

एक तारीख मात्र भिंतीवर लिहून ठेवा. लिलावाची जाहिरात ज्या दिवशी छापून येते, ती. सगळं येणं भरून घर सोडवायचा कायदेशीर हक्क जाहिरातीच्या आदल्या दिवसापर्यंतच असतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हे असं आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तेच कायम केलं. "लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन येतो" म्हणणारे अजून भेटतात.

घाईघाईत भावाच्या नावावर करणं

१३(२) ची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. कळंगुट-कांदोळीकडे एक सल्ला कायम ऐकू येतो: पर्यटकांना देऊन टाक, भाड्यातून हप्ता निघेल. नोटिशीआधी, बँकेला कळवून केलं तर ठीक. नंतर केलं तर तो करार टिकत नाही आणि भाडेकरूचं डिपॉझिटही तुमच्याच गळ्यात.

बायकोला न सांगणं

हे लिहिताना मलाच अवघड वाटतं, पण दर दुसऱ्या फाईलमध्ये हेच होतं. हप्ते थकल्याचं बायकोला कळतं ते दारावरच्या नोटिशीवरून. भावनांचं सोडा, गोव्यात हा कायद्याचाही प्रश्न आहे. इथल्या समान नागरी कायद्याखाली, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते आणि स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या संमतीशिवाय विकता येत नाही. गिऱ्हाईक मिळालं, टोकन घेतलं आणि मग बायको सही करायला तयार नाही, असा व्यवहार माझ्या डोळ्यांदेखत मोडलाय. टोकन परत करावं लागलं, वर महिनाभराचं व्याज वाढलं.

तडजोड तोंडी

"साहेबांनी सांगितलंय, २० लाखांत मिटवतो." कोणत्या साहेबांनी? त्यांची बदली झाली की तो शब्द त्यांच्याबरोबर वाळपईला नाहीतर काणकोणला गेला. एकरकमी तडजोडीचं मंजुरीपत्र, त्यात रक्कम, तारीख आणि "उर्वरित येणं माफ" ही ओळ, एवढं हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नका. मुदत चुकली तर तडजोड रद्द होते आणि भरलेले पैसे साध्या थकबाकीत जातात. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, "सेटल्ड" असा शेरा पडतो, तो पुढच्या कर्जाला आडवा येतो. तरी डोक्यावर ६ लाख बसण्यापेक्षा मी तो शेरा पत्करेन.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर वसुली सहकार कायद्याने होते, टप्पे वेगळे. सहकारी बँकेला मात्र सरफेसी लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तसा निकाल दिला. "आपली सहकारी बँक, ती काय घर घेणार" या भरवशावर राहू नका.

सोडायचंच असेल तर

स्वतःला विकता आलं नाही, तडजोडही बसली नाही, आणि घर द्यायचंच ठरलं, तर ते अर्जाने द्या. अर्जावर नवरा-बायको दोघांच्या सह्या, तारीख आणि त्या दिवशीचा बाकीचा आकडा. बँकेचा माणूस घरी येईल तेव्हा पंचनामा करून घ्या, आत राहिलेल्या सामानाची यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. वीज मीटर आणि पाण्याच्या मीटरचे फोटो काढा, सोसायटीची आणि पंचायतीच्या किंवा पालिकेच्या घरपट्टीची पावती जोडा. किल्ल्या किती दिल्या तेही लिहा, खालच्या पार्किंगच्या फाटकाचीसुद्धा. नवा पत्ता बँकेला लेखी कळवा, नाहीतर लिलावाची ३० दिवसांची नोटीस रिकाम्या फ्लॅटच्या दाराखाली पडून राहील.

विक्री झाल्यावर हिशेबाचं पत्रक मागा आणि ते सीएला दाखवा. पैसे बँकेने घेतले तरी विक्रीवरचा भांडवली नफा आयकराच्या लेखी तुमचाच, आणि कर्जफेडीची रक्कम त्यातून वजा होत नाही.