लॉगिन केलं की काळा पडदा? ऑटोस्टार्टमधल्या या चुका टाळा

‘लिनक्सवर लॉगिन केल्यावर प्रोग्रॅम आपोआप सुरूच होत नाही’ (म्हणजे ऑटोस्टार्ट होत नाही) म्हणून कुणी लॅपटॉप पुढे केला की मी एकच विचारतो, ओळ कुठल्या फाइलीत घातलीस? उत्तर ठरलेलं: डॉट-एक्सइनिटआरसी. अरे, ती फाइल स्टार्टएक्स वाचतं, म्हणजे कन्सोलवरून ग्राफिक्सचा पडदा सुरू करणारी कमांड. लॉगिनच्या खिडकीतून आत येणाऱ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. वेलँड या नव्या डिस्प्ले व्यवस्थेवर तर विषयच संपला.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर. तेव्हा मी स्टार्टएक्स आणि फ्लक्सबॉक्स हा विंडो मॅनेजर (खिडक्यांना टायटल बार, मेनू देणारा प्रोग्रॅम) वापरायचो. घड्याळ हवं म्हणून त्याच डॉट-एक्सइनिटआरसीत फ्लक्सबॉक्सच्या वरच्या ओळीत नुसतं ‘एक्सक्लॉक’ लिहिलं आणि झोपलो. सकाळी काळ्या पडद्यावर, कोपऱ्यात एकटं घड्याळ. ना टायटल बार, ना मेनू. ग्राफिक्स ड्रायव्हर गेला असं धरून तासभर त्याचीच काढ-घाल केली. शेवटी कंट्रोल-आल्ट-एफ२ दाबून कन्सोलवर गेलो, वैतागून घड्याळाचा प्रोसेस मारला, आणि परत येऊन बघतो तर फ्लक्सबॉक्स हजर!

ती फाइल म्हणजे साधी शेल स्क्रिप्ट, शेलनं (टर्मिनलमधल्या कमांडा चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं) एकेक करून चालवायच्या कमांडांची यादी. एक ओळ संपल्याशिवाय पुढची चालत नाही, आणि घड्याळ काही आपणहून संपत नाही. त्या ओळीच्या शेवटी & हवा होता, म्हणजे घड्याळ मागे चालू राहतं आणि पुढची ओळ अडत नाही. हे कळलं की लोक उत्साहात विंडो मॅनेजरलाही & लावतात; मग स्क्रिप्ट लगेच संपते आणि सगळं सेशन घेऊन जाते. वरच्या ओळींना &, शेवटी ‘एक्झेक फ्लक्सबॉक्स’, बस. एक्झेकमुळे स्क्रिप्टची जागा फ्लक्सबॉक्स घेतो, म्हणून त्याच्या खाली लिहिलेलं काहीही चालत नाही.

ओळ डॉट-बॅशआरसीतही घालू नका, ती फाइल प्रत्येक नवं टर्मिनल वाचतं. जितकी टर्मिनलं उघडाल तितके नग सुरू होतील.

ग्नोम, केडीई, एक्सएफसीई असे तयार डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी डॉट-कॉन्फिगमधलं ऑटोस्टार्ट फोल्डर आणि त्यातली डेस्कटॉप फाइल; तिच्या एक्झेकच्या ओळीत काय चालवायचं ते लिहायचं. ‘टर्मिनलमध्ये चालतं, इथे का नाही?’ कारण तिथली एक्झेकची ओळ शेलमधून जात नाही. ~, &&, > या शेलच्या खुणांना तिथे काही अर्थ नाही. मी तिथे फक्त माझ्या छोट्या स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता देतो, बाकी उद्योग स्क्रिप्टच्या आत.

सिस्टिमनं लावलेलं काही नको असेल तर सुडो (म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार) घेऊन एटसी या सिस्टिमच्या फोल्डरमधली फाइल उडवू नका, अपडेटमध्ये परत येऊ शकते. त्याच नावाची फाइल आपल्या ऑटोस्टार्टमध्ये ठेवा आणि तिच्यात ‘हिडन=ट्रू’ लिहा.

आणि ते ‘स्लीप १०’! पॅनल (पडद्याच्या कडेची पट्टी) उशिरा येतं म्हणून दहा सेकंद थांबायचं, मशीन रेंगाळलं की वीस, मग तीस. घाई असलेल्यांचा आवडता उपाय. पॅनल आलं का हे बघणारं छोटं लूप लिहायला पाच मिनिटं लागतात, पण तेवढा धीर कुणाला?

माझ्या स्क्रिप्टची पहिली ओळ एका फाइलीत तारीख-वेळ टाकते. आजची वेळ नाही, म्हणजे स्क्रिप्टपर्यंत कुणी पोचलंच नाही. वेळ आहे पण प्रोग्रॅम नाही, म्हणजे घोळ माझा.