युरोलॉजिस्ट शोधताना पाटी वाचा आणि नळीचं विचारा

आमच्या पिंपळगावच्या मामांना ऐन द्राक्षाच्या सीझनमध्ये मुतखड्याची कळ उठली, पानफुटीची पानं झाली, कुळथाचं कढण झालं, शेवटी नाशकात आणून ऑपरेशन केलं. हॉस्पिटल कोणीतरी सांगितलं म्हणून गेलो, काहीच विचारलं नाही. तेव्हापासून ओळखीतलं कोणी "मुतखड्याचा चांगला डॉक्टर सांग" म्हणालं की मी आधी हेच सगळं सांगत बसतो.

पहिलं म्हणजे पाटी नीट वाचा. युरोलॉजिस्ट म्हणजे एमबीबीएस, मग जनरल सर्जरीत एमएस, त्यावर आणखी ३ वर्षं युरोलॉजीचं एमसीएच किंवा डीएनबी (नवीन लोकांच्या पाटीवर डीआरएनबी असतं). नुसतं 'मुतखडा व प्रोस्टेट तज्ज्ञ' लिहिलंय आणि यातलं काहीच नाही, तर सरळ विचारा, लाजायचं काय त्यात. रजिस्ट्रेशन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर बघता येतं. आणि रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन वाढलंय (म्हणजे किडनीचं काम कमी झालंय), डायलिसिस सांगितलंय तर तो नेफ्रोलॉजिस्टचा, म्हणजे किडनीवर औषधोपचार करणाऱ्या डॉक्टरांचा विषय. खडा, प्रोस्टेट, लघवी तुंबणं हे युरोलॉजिस्टचं.

गंगापूर रोड, मुंबई नाका इकडे हॉस्पिटलं भरपूर आहेत, पण डॉक्टर तिथे रोज असतात की आठवड्यातून दोनदा व्हिजिटला येतात हे रिसेप्शनला विचाराच. ऑपरेशन झाल्यावर रात्री लघवीतून रक्त आलं तर बघणार कोण? खडा फोडायचं लेझर मशीन हॉस्पिटलचं आहे की केसपुरतं भाड्याने आणतात हेही विचारा, भाड्याचं असलं म्हणून वाईट नाही पण मग त्याचे पैसे बिलात वेगळे लागतात का ते आधीच कळू दे.

पैशाची अडचण असेल तर शालिमारला संदर्भ हॉस्पिटल आहे, सरकारी आहे. खासगीत महात्मा फुले योजना बघायची असेल तर "योजना चालते का" एवढंच विचारू नका, हार्टसाठी चालते आणि खड्यासाठी नाही असंही असतं. हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र असतो, त्याला ऑपरेशनचं नाव सांगून विचारा.

पहिल्या भेटीला जुने रिपोर्ट, सीटीची फिल्म, चालू गोळ्या (रक्त पातळ करायची असेल तर ती आधी दाखवा) घेऊन जा आणि पाणी पिऊन लघवी भरलेली ठेवा, नाहीतर सोनोग्राफीसाठी बाकावर बाटली घेऊन तासभर बसावं लागतं. खडा किती एमएम आणि कुठे हे विचारा. किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या शरीरातल्या मूत्रनळीत उतरलेला ५ एमएमच्या आतला खडा बऱ्याचदा आपोआप पडतो. किडनीत २ सेंटीमीटरच्या वर असेल तर सहसा पाठीतून छिद्र पाडून काढतात, त्याला पीसीएनएल म्हणतात. फिल्म लाइटला लावून खडा दाखवणारा डॉक्टर मला तरी आवडतो.

आता नळीचं. ऑपरेशननंतर किडनीपासून मूत्राशयापर्यंत आतून एक बारीक नळी ठेवतात, डीजे स्टेंट, दोन्ही टोकं वळलेली. बाहेरून काही दिसत नाही. मामांच्या डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत एका ओळीत लिहिलं होतं, तोंडी कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही वाचलं नाही. पाच-सहा महिन्यांनी लघवीला आग, रक्त, दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला तर नळी तशीच आणि तिच्यावरच खडे धरलेले! ती काढायला परत भूल, परत खर्च. ही नळी बहुतेक वेळा काही आठवड्यांतच काढायची असते, म्हणून "नळी टाकली का, कोणत्या तारखेला काढणार, काढायचे पैसे यातच का" हे डिस्चार्जच्या आधी विचारा आणि तारीख तिथेच मोबाइलमध्ये टाका, घरी कालनिर्णयवर पण.

आणि हो, कळ येतेय आणि सोबत थंडी वाजून ताप आहे, किंवा लघवी पूर्ण बंद झालीय, तर यातलं काही शोधत बसू नका, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत लगेच न्या, रात्र असली तरी.