परदेशातील मानवतावादी लष्करी हस्तक्षेप : नैतिक बाजू कशी तोलावी

परक्या देशात कत्तली सुरू झाल्या की तेथे सैन्य पाठवण्याची मागणी होते. अशा मागणीचा विचार करताना अत्याचारांच्या भीषणतेवरच न थांबता, नेमके कोणते लोक, कोणत्या उपायाने आणि किती दिवसांत वाचणार आहेत, हे आधी एका वाक्यात लिहून काढावे. ते लिहिता आले नाही, तर हस्तक्षेपाच्या बाजूने अजून काहीच सिद्ध झालेले नाही, असे समजावे.

त्यानंतर साधन उद्दिष्टाला पुरे पडते का, हे तपासावे; माझ्या मते सर्वांत कठोर कसोटी हीच आहे. 1999 साली सर्बियातील अल्बेनियन-बहुल कोसोव्हो प्रांताच्या प्रश्नावर नाटो या पाश्चात्त्य लष्करी आघाडीने 78 दिवस हवाई हल्ले केले. वैमानिकांचा जीव धोक्यात येऊ नये म्हणून विमाने बहुतांशी 15,000 फुटांच्या वर ठेवली गेली; मात्र अल्बेनियन कुटुंबांना घराबाहेर काढणाऱ्या सर्बियन तुकड्यांना एवढ्या उंचीवरून रोखणे अवघड होते, आणि हल्ले सुरू झाल्यावर हकालपट्टीचा वेग उलट वाढला. पुढे बहुतेक निर्वासित परतले, हे खरे. पण त्यानंतर अनेक सर्बांना पळ काढावा लागला, हेही हिशेबात धरावे लागते. आपल्या सैनिकांचा टाळलेला धोका कोणाच्या माथी गेला, हे प्रत्येक योजनेबाबत विचारावे.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची मंजुरी महत्त्वाची असली, तरी तेवढ्याने निकाल लागत नाही. कोसोव्होत ती नव्हती. लिबियात 2011 च्या ठराव क्रमांक 1973 ने ती मिळाली (भारत त्या वेळी तटस्थ राहिला), पण नागरिकांच्या रक्षणासाठी दिलेल्या त्या अधिकाराचा शेवट गद्दाफींची राजवट उलथण्यात झाला आणि त्यानंतर देश सशस्त्र टोळ्यांच्या हाती गेला.

हेतू शुद्ध असण्यावर मी फार भर देणार नाही. व्हिएतनामने 1979 च्या जानेवारीत कंबोडियातील ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाची राजवट पाडली ती मुख्यतः स्वतःच्या सीमेच्या काळजीने, तरीही त्या राजवटीने चालवलेला संहार थांबला. अर्थात व्हिएतनामी सैन्य तेथे 1989 पर्यंत ठाण मांडून होते, आणि ती किंमतही त्याच तराजूत घालावी लागते.

शेवटी, युद्धाची तुलना केवळ स्वस्थ बसण्याशी करू नये. रवांडात 1994 साली सुमारे 100 दिवसांत अंदाजे 8 लाख माणसे मारली गेली, आणि कत्तल ऐन भरात असताना, 21 एप्रिलला, सुरक्षा परिषदेने तेथील शांतिसेना 270 जणांपर्यंत घटवण्याचा ठराव केला. तेथे आधीपासून असलेल्या त्या सेनेला कुमक पाठवण्याचा मार्ग तेव्हा खुला होता, म्हणून असे मधले पर्याय नावानिशी मांडून मगच बॉम्बफेकीचा प्रस्ताव विचारात घ्यावा.